न गळण्याचा दाखला

पाणी कधी खोटं बोलत नाही. माणूस बोलतो, कंत्राटदार बोलतो, वेळ पडली तर घराचा नकाशाही बोलतो. पाणी मात्र असेल त्या वाटेनं जातं आणि जायचं तिथंच पोचतं. नांदेड आणि लातूरच्या कितीतरी गच्च्यांवर उभं राहून मी हे वाक्य गिऱ्हाइकांना ऐकवलं. ऐकून लोक गंभीर व्हायचे, आणि गंभीर झालेलं गिऱ्हाईक घासाघीस कमी करतं. वाक्य माझं नव्हतं. ज्या मिस्त्रींच्या हाताखाली मी काम शिकलो त्यांचं होतं. त्यांच्या स्वतःच्या घरात पावसाळाभर चार पातेली मांडलेली असायची.

आता धंदा सोडला आहे, तेव्हा कबूल करायला हरकत नाही. पाणी खोटं बोलतं. गच्चीवर एका कोपऱ्यात शिरतं, स्लॅबमध्ये पुरलेल्या विजेच्या नळीतून दहा-पंधरा फूट हिंडतं आणि भलत्याच खोलीत, ज्याचा काही दोष नाही अशा माणसाच्या अंगावर पडतं. मग घरात भांडण होतं, आणि भांडण पिकलं की मला बोलावणं येतं. म्हणजे यायचं.

स्थापत्याची पदविका घेतली तेव्हा मी पूल बांधणार होतो. गोदावरीवर माझ्याशिवाय पूल होत गेले, आणि मी लोकांच्या गळत्या काढत राहिलो. या धंद्याबद्दल बाहेरच्यांचा एक गैरसमज असतो. छत गळतं म्हणजे छताला भोक पडतं, असं त्यांना वाटतं. सपाट स्लॅब बहुधा निरपराध असतो. गळतात ते सांधे. आडवी वस्तू उभ्या वस्तूला भेटते तिथं घोटाळा: स्लॅब आणि कठडा, पत्रा आणि भिंत, गच्ची आणि जिन्याची खोली. आपलं ऊन दिवसा स्लॅबला ताणतं, रात्री तो आखडतो, भिंत आपल्या तालात हलते, आणि दोघांच्या मध्ये केसाएवढी फट पडते. म्हणून कठड्याच्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई भरतात. पत्रा भिंतीला टेकतो तिथं भिंतीत आडवी खाच पाडून जस्ताच्या पत्र्याची पट्टी बसवतात. वरची कड खाचेत, खालची पत्र्यावर. भिंतीवरून उतरणारं पाणी पट्टीवरून पत्र्यावर जातं, फटीत जात नाही. कंपन्यांची टाय लावलेली माणसं तिला फ्लॅशिंग म्हणतात. माझ्याकडे काम करणारे मिस्त्री इस्माईलभाई पट्टी म्हणायचे आणि ती त्यांच्याइतकी नीट कोणी बसवत नसे.

वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, शिडी लावून ती पट्टी बघायची, सुटलेली कड भरायची, कोपऱ्यातला पाला काढायचा. काम एवढंच. एवढंच कोणी करत नाही, म्हणून माझ्या दोन मुली शिकल्या.

काय काय बघितलं, सांगू नये. नांदेडच्या एका वकिलांच्या गच्चीवर कठड्याच्या फटीत तुरीचं झाड कमरेएवढं वाढलं होतं. गावाकडची तूर दरवर्षी तिथं वाळत घालत. चार दाणे घरंगळले असणार. मुळानं गोलाई उचलली होती आणि खाली वकीलसाहेबांच्या कायद्याच्या पुस्तकांना बुरशी आली होती. मी झाड उपटायला गेलो तर त्यांच्या पत्नी आडव्या आल्या. शेंगा भरायच्या होत्या. आम्ही दोन महिने थांबलो. पुस्तकांबद्दल वकीलसाहेबांनी एक शब्द काढला नाही, त्यावरून त्या घरातला निकाल कोण देतं ते कळलं.

पण लिहायला बसलो ते एका कागदाबद्दल.

लातूरच्या व्यंकट सरांचा फोन आला तो एप्रिल संपताना. सर भौतिकशास्त्राचे क्लास घेतात. घर दुमजली, वर गच्ची, गच्चीवर जिन्याची खोली आणि तिच्या भिंतीला टेकून पत्र्याची शेड. त्याच भिंतीवर, पूर्वेला म्हणजे रस्त्याच्या बाजूला, शेडच्या वर उंच, दीड-दीड फुटांची सोनेरी स्टीलची अक्षरं: मातृछाया. क्लासचा फलक ज्यानं केला त्यानंच ती केली होती, त्यामुळं आत जाण्याआधी प्रवेशपरीक्षा द्यावी लागेल असं वाटायचं. अक्षरांचं अनावरण आदल्या वर्षी झालं होतं. शाल, श्रीफळ, दोन भाषणं, आणि जिची छाया त्या मातेच्या हातून फीत. सरांनी मला मोबाइलवर फोटो दाखवले. सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते. आई कात्री हातात धरून आभाळाकडे बघत होत्या.

"प्रश्न गळतीचा नाहीच," सर म्हणाले. "प्रश्न आईचा आहे."

आईंचं नाव रुक्मिणबाई. वय अठ्ठ्याहत्तर. सगळा जन्म जळकोटजवळच्या शेतात गेला. यजमान गेल्यावर मुलानं लातूरला आणलं. सर आणि त्यांच्या पत्नी दोघंही संध्याकाळपर्यंत क्लासमध्ये, आई घरात एकट्या. गेल्या पावसाळ्यापासून त्या म्हणत होत्या की खोलीतला पंखा अंगावर पाणी शिंपडतो. आणि ते पाणी जळकोटचं असतं.

सरांनी हे मला पाठ केल्यासारखं सांगितलं. छत तपासलं, कोरडं. फरशी कोरडी. संध्याकाळी हात लावला तर चादर कोरडी. शिवाय आईंनी वरणात दोनदा मीठ घातलं होतं आणि नातीला स्वतःच्या बहिणीच्या नावानं हाक मारली होती. डॉक्टरांनी विचारलं, घर खरंच गळतं का ते आधी बघितलं का? म्हणून मी. गळत असेल तर सर दुरुस्त करणार होते. नसेल तर आईंना गोळ्या सुरू होणार होत्या आणि नांदेडला धाकट्या मुलाकडे, बालाजीकडे, पाठवायचं ठरत होतं. तिथं सून दिवसभर घरी असते.

"मला मत नको, पुरावा पाहिजे," सर म्हणाले. "आणि लेखी."

मी आईंना भेटलो, पाच मिनिटं. खाटेवर बसून त्या लसूण सोलत होत्या.

"समद्याच पावसात न्हाई, बाबा," त्या म्हणाल्या. "जळकोटकडून आला की गळायलंय."

"मावशी, पाऊस वरून येतो," मी म्हणालो.

सर हसले. वाक्य मलाही बरं वाटलं होतं. रुक्मिणबाईंनी मला विचारलं, गाव कोणतं. नांदेड, म्हणालो. त्या पुन्हा लसणाकडे वळल्या.

गळती शोधायची सरळ रीत अशी: गच्चीची पन्हाळी बोळे कोंबून बंद करायची, तीन बोटं पाणी साचवायचं आणि दोन दिवस खाली नजर ठेवायची. लातुरात मे महिन्यात नळ आठव्या-दहाव्या दिवशी येतो. तेव्हा टँकर आणला, आणि टँकरचं पाणी पाइपानं गच्चीवर चढताना गल्लीनं बघितलं. शेवटी समोरच्या घरातली बाई रिकामा हंडा कमरेवर घेऊन फाटकाशी आली आणि म्हणाली, "आमच्या हंड्याला न्हाई, आन् ह्यांच्या स्लॅबला तहान लागलीय."

दोन दिवस पाणी साचलं. खोलीत थेंब नाही. गोलाई धडधाकट, पट्टी जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी दुपारी इस्माईलभाई कंबरेवर हात ठेवून सोनेरी अक्षरांकडे बघत उभे होते. म्हणाले, "साब, उप्पर नाव पे भी पानी मार के देखें क्या?"

टँकर संपला होता. दुसरा मागवला असता तर गल्लीनं आम्हाला अक्षरांशेजारी टांगलं असतं. माझी नांदेडची एसटी चारची होती. आणि गळती शोधायला माणूस खाली बघतो, वर नाही, अशी माझी तेव्हा शास्त्रीय समजूत होती. नको, म्हणालो. गच्चीवरचं पाणी गल्लीतल्या बायांनी बादल्यांनी उतरवून नेलं, तेवढं त्या चाचणीतून निष्पन्न झालं.

मी दाखला दिला. माझ्याकडे छापील कागद होते. वर माझं नाव, मध्ये मजकूर: सदर इमारतीच्या छतास कोठेही गळती आढळून आली नाही. खाली शिक्का, सही, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत: हा दाखला दिल्या तारखेपासून पाच वर्षे ग्राह्य धरावा. ही ओळ छापखानावाल्यानं सुचवली होती. कागदाला वजन येतं, म्हणाला.

त्यानंतर जे झालं ते मला कोणी कळवलं नाही, कळवायचं कारणही नव्हतं. सप्टेंबरअखेरीस रुक्मिणबाई पुन्हा म्हणाल्या, पंखा शिंपडतो. यावेळी सरांकडे कागद होता.

मला त्या पुन्हा भेटल्या जानेवारीत, नांदेडला. बालाजी रेल्वेच्या कार्यालयात आहे. पाच मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, आणि वरच्यांचं न्हाणीघर त्याच्या स्वयंपाकघरात उतरत होतं. इमारतीत कोणीतरी माझं नाव सांगितलं. मी दार उघडून आत गेलो तर समोर त्याच, लसूण सोलत. आधी मला वाटलं, मी चुकून लातूरला आलो आहे.

"न गळण्याचा कागद देनारे ना तुम्ही?" त्या म्हणाल्या.

मी हो म्हणालो. छताकडे बघत राहिलो, कारण दुसरीकडे बघायची सोय नव्हती. ओट्यावर टप टप थेंब पडत होते. खाली पातेलं होतं.

"ह्ये दिसायलंय का तुमाला?"

"दिसतंय, मावशी."

"मंग ठीक हाय. म्या म्हनलं, मलाच दिसायलंय का काय."

त्यांची सून चहा ठेवत होती, तिनं मान वळवली नाही. रुक्मिणबाई आवाज उतरवून म्हणाल्या, "आता म्या कुनाला काय म्हनत न्हाई. गोळी घेते, गप बसते. माझं मलाच कळंना झालंय बाबा, पानी पडत होतं का न्हाई. अंग तर भिजायचं. पर कागद म्हनतोय न्हाई."

या धंद्यात लोकांनी मला चोर म्हटलं आहे, एकानं शिडी काढून घेतली आहे. पण माझ्या सहीवर विश्वास ठेवून स्वतःच्या ओल्या अंगावर संशय घेणारं माणूस मला त्याआधी भेटलं नव्हतं. मी खुर्ची ओढली आणि आठ महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतं ते विचारलं. जळकोटकडून म्हणजे काय?

त्यांना वाटलं मी चेष्टा करतो आहे. मग लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. पावसाला गाव असतं. लातूरच्या घरातून बार्शी मावळतीला. तिकडून येतो तो नेमाचा, रोजचा. औशाकडचा नुसता गडगडतो. जळकोट उगवतीला. तिकडून येतो तो परतीचा, वाऱ्याचा, तिरपा, भिंतीला झोडपत येतो. वर्षातून दोनदा, तीनदा.

"शेतकऱ्याच्या लेकराला ह्ये सांगाया लागतंय व्हय?" त्या म्हणाल्या. "व्यंकटला ठावं होतं की बारका असताना. धावत यायचा सांगत, माय, जळकोटचा आला, कडबा झाक."

उगवतीची भिंत. मी चहा न घेता उठलो, बालाजीच्या छताचं काय करायचं ते सांगायलाही विसरलो, आणि जिन्यातूनच इस्माईलभाईंना फोन लावला. माणूस भला. 'मैं बोला था' असं म्हणाले नाहीत. म्हणाले, "बोलो साब, कब निकलना?"

रविवारी आम्ही लातूरला गेलो. सरांना सांगितलं, दाखल्याच्या मुदतीत एक फेरतपासणी असते. नसते. पाणी आता दारी होतं, बोअरला थोडी धुगधुगी होती. पाइप गच्चीवर नेला. भिंतीची चाचणी करायची तर पाणी खालून वर न्यायचं असतं. आधी पट्टी भिजवायची, दहा मिनिटं थांबायचं. काही नाही, तर हातभर वर. एकदम वरून पाणी सोडलं तर सगळंच भिजतं आणि शिरलं कुठून ते कळत नाही. खाली कोणीतरी बघायला हवं होतं. पंखा चालू करून आईंच्या खाटेवर झोपा, असं मी सरांना म्हणालो. ते माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते ती नजर मी ओळखली. आदल्या वर्षी रुक्मिणबाईंकडे आम्ही सगळे तसंच बघत होतो. पण झोपले.

पट्टी: काही नाही. पट्टीच्या वर हात, दोन हात: काही नाही. इस्माईलभाईंनी पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला आणि तिरपी धार थेट अक्षरांवर धरली, 'मा'पासून 'या'पर्यंत, पुन्हा मागे. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. माझा धीर सुटत चालला होता. गळत नाही असं निघालं तर काय, आणि गळतं असं निघालं तर काय, यांपैकी कशाची जास्त भीती होती ते मला आजही सांगता येणार नाही.

जिन्यात पावलं वाजली. सर वर आले. चष्म्याच्या दोन्ही काचांवर बारीक थेंब होते, पुसले नव्हते.

"पंखा पाणी शिंपडतोय," ते म्हणाले.

नंतर भिंत उघडली. प्रत्येक अक्षराला चार स्क्रू, शिवाय आधी चुकीच्या जागी पाडलेली दोन भोकं, अनावरणाच्या घाईत नुसत्या पुट्टीनं बुजवलेली. तिरपा पाऊस भोकांतून भिंतीच्या पोटात जात होता. पट्टी भिंतीच्या अंगावरचं पाणी अडवते. पोटातलं पाणी तिच्या पाठीमागून निवांत खाली जातं. तिथून स्लॅबमधल्या नळीत, नळीतून पंख्याच्या दांड्यावर. पंखा फिरत असल्यानं डाग नाही, ओघळ नाही. चार थेंबांचा फवारा, संध्याकाळपर्यंत वाळलेला. चाचणीच्या दिवशी तीन बोटं पाणी पायाशी साचलं होतं, भोकं त्याच्या दहा-बारा फूट वर होती. सगळं भौतिकशास्त्र. सरांना समजवावं लागलं नाही.

त्यांनी मला एवढंच विचारलं, "त्या कागदावर सही तुमचीच ना?"

"माझीच."

"आईच्या दवाखान्याच्या फाइलमध्ये तो मी सगळ्यात वर लावला होता," ते म्हणाले, आणि अक्षरं काढायला स्वतः शिडीवर चढले.

भोकं भरली, भिंतीला लेप दिला, पट्टीची खाच नवी करून वर एक जादा पट्टी बसवली. त्याच आठवड्यात काम संपलं. मग सर आईंना आणायला नांदेडला गेले, मलाही सोबत नेलं. बहुधा एकट्यानं जायचं नव्हतं. सर आईंसमोर काय बोलले ते मी ऐकलं नाही, मी मुद्दाम गॅलरीत उभा राहिलो. आत गेलो तेव्हा पिशवी भरलेली नव्हती. रुक्मिणबाई निघायला तयार नव्हत्या. त्यांना कागद पाहिजे होता.

"न गळण्याचा दिला, तसा गळण्याचा द्या. फायलीत लावायचाय."

माझ्याकडे एकाच मजकुराचे कागद छापलेले. बॅगेतला एक काढला, 'कोठेही' खोडलं, 'नाही' खोडलं, आणि 'होती' लिहायला घेतलं. त्यांनी माझा हात धरला. त्यांना वाचता येतं, चौथीपर्यंत शाळा झाली आहे.

"होती लिहू नगा. होती म्हनलं की म्हनत्यात, मागं कदी तरी असंल. हाय लिहा."

मी 'आहे' लिहिलं. जिथं जिथं खोडलं होतं तिथं सही केली, शिक्का मारला. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून सरांच्या हातात दिला आणि चप्पल शोधायला लागल्या. जिना उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी आपुलकीनं विचारलं, "तुम्ही ग्यासवाले ना?"

म्हणून मी अजून गोंधळलेला आहे. गळती खरी होती. विसरणंही थोडं खरं असावं. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या नाहीत, निम्म्यावर आणल्या. रुक्मिणबाई म्हणतात, त्या गोळ्यांनी गुडघे बरे झाले. कशानं काय झालं आणि कुठलं पाणी कुठून आलं, हे मला गच्चीवर उभं राहून जितकं ठामपणे सांगता यायचं तितकं आता घरात बसून येत नाही.

अक्षरं परत लागली नाहीत. गोणपाटात गुंडाळून शेडमध्ये ठेवली आहेत. त्याला दोन वर्षं झाली. दोन्ही वर्षी जळकोटकडचा पाऊस येऊन गेला, सरांनी दोन्ही वेळा फोन करून सांगितलं, थेंब नाही. आईंचा कागद फाइलमध्ये सगळ्यात वर आहे. घाईत त्याच्या तळाची पाच वर्षांची छापील ओळ खोडायची राहून गेली. त्यामुळं ते घर आणखी तीन वर्षं, माझ्या सहीशिक्क्यानिशी, गळतं.